अर्ध्या बोटाने वाकडा

मित्रांनो, मी वाकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सांगता सांगता मध्येच कोणी उठून तसे म्हणाले, तर मला ते सहन व्हायचे नाही.

मी एक जुना सागवानी गुण्या आहे. सुताराकडे असतो तसाच, पण मोठा, फळ्यावर काटकोन काढण्यासाठी केलेला. मला दोन भुजा आहेत, प्रत्येक एक हात लांब. त्या एका कोपऱ्यात भेटतात, आणि तिसरी तिरपी पट्टी दोघींना धरून ठेवते. तो कोपरा काटकोन असावा, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. तो काटकोन नाही. अर्ध्या बोटाने चुकला आहे. या अर्ध्या बोटापायी दोन सख्खे भाऊ विळे घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते. ही हकिकत सांगावी की नाही, या विचारात माझी पुष्कळ वर्षे गेली. आता सांगतो. नीट सांगता येईल याची मला खात्री नाही.

चांदा जिल्ह्यात चामोर्शीच्या पुढे पळसटोला नावाचे गाव आहे. एकोणीसशे चौपन्न सालच्या पावसाळ्यात मुखरू सुताराने मला तिथे घडवले. मुखरू बैलगाड्या आणि नांगर करणारा. त्याला गुण्या करायला सांगितले ते शाळेच्या गुणवंतराव गुरुजींनी. गुरुजी अंगाने बारीक, आवाजाने कोरडे आणि फार तापट होते. सागवानाची फळी हातात घेऊन मुखरू म्हणाला, "गुरुजी, लाकूड ओलं आहे. याले एक उन्हाळा खाऊ द्या. मग पाहा कसं टणक होते."

"मले भूमिती सोमवारी शिकवायची आहे, मुखरू. तुह्या उन्हाळ्यासाठी काऊन थांबू?"

"मग पुढं वाकडा झाला तं मले बोलू नोका."

"वाकडं काम करशील तं बोलीनच."

असा माझा जन्म भांडणातच झाला. मुखरूने मला आपल्या छोट्या हातगुण्याला लावून तपासले. त्या दिवशी मी खरा होतो. एवढी एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो.

शाळेत मला फळ्याशेजारच्या खिळ्यावर टांगले. गुरुजी शिकवायला चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. खडूचा एक ठिपका देऊन ते म्हणत, हा बिंदू, याला लांबी नाही, रुंदी नाही, फक्त जागा आहे. दोन बिंदू जोडले की रेषा. दोन रेषा एका बिंदूपासून निघाल्या की कोन. बगळ्याच्या उघड्या चोचीसारखा अरुंद असेल तर लघुकोन. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यासारखा असेल तर काटकोन. भांडायला हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा रुंद असेल तर विशालकोन. मग ते मला खाली काढत, बिंदूच्या डाव्या हाताला ठेवत आणि आडव्या रेषेवर एक उभी रेषा काढत. मला ते नेहमी डावीकडेच ठेवत. हे लक्षात असू द्या.

"पाहा," ते म्हणत, "ही रेषा ना इकडे झुकली, ना तिकडे. म्हणून दोन्हीकडचे कोन सारखे. दोन्ही काटकोन. आता हीच रेषा जराशी डावीकडे झुकवा. डावा कोन जेवढा कमी होईल, नेमका तेवढाच उजवा वाढेल. दोघांची बेरीज काही बदलायची नाही. ती दोन काटकोनांएवढीच राहील."

वर्गात गलका झाला की गुरुजी मला टेबलावर आपटत. कोणाचे उत्तर चुकले की मी त्याच्या तळहातावर बसे. मला ते आवडत नसे, असे आज म्हटले तर तुम्हाला बरे वाटेल. पण खरे सांगायचे तर मला त्या वेळी भारदस्त वाटत असे. माझ्या आवाजाने चाळीस पोरे चूप होत. आपण खरे आहोत म्हणूनच लोक आपल्याला घाबरतात, अशी माझी समजूत होती.

त्या आपटण्याने सांधा हलला, की हिवाळ्यात लाकूड वाळताना कोपरा आकसला, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी मी मुखरूला दोष देतो, कधी गुरुजींना. मला एवढेच माहीत आहे की होळीपर्यंत मी बिघडलो होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गावात झिंगू आणि चैतू असे दोन भाऊ होते. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या पाळीखाली त्यांची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, होती. त्यांचा बाप मरताना सांगून गेला होता की पाळीवरच्या बिब्याच्या झाडापासून खाली नाल्यापर्यंत धुरा घाला, डावीकडचे चैतूचे, उजवीकडचे झिंगूचे. "धुरा सरळ उभा पायजे. ना इकडं झुकावा, ना तिकडं," एवढेच त्याचे शब्द. आता धुरा म्हणजे मातीचा बांध, तो झाडापासून सुरू करणे सोपे. पण खाली नाला नागासारखा वळलेला. तिथे नेमका कुठे उतरायचा, हे डोळ्यांनी ठरेना. पटवारी येणार होता तो सुगीनंतर.

तेव्हा झिंगूच म्हणाला, "शाळेत गुण्या आहे ना. शाळेची चीज खोटं बोलत नाई."

सगळ्यांना ते पटले. माझ्यावर एवढा विश्वास पूर्वी कोणी टाकला नव्हता. गुरुजी मला काखेत घेऊन निघाले, तेव्हा मला तर वरातीत निघाल्यासारखे वाटले. पाळीवर दोरी ताणली. गुरुजींनी माझी एक भुजा त्या दोरीला लावून कोपरा झाडाच्या बुंध्याशी ठेवला, सवयीप्रमाणे डाव्या बाजूला, आणि माझ्या दुसऱ्या भुजेच्या रोखाने खाली दोनशे हात दोरी सोडली. पोटावर पालथे पडून, एक डोळा मिटून त्यांनी ती सरळ केली. जिथे दोरी नाल्याला टेकली तिथे खुंटी ठोकली. आठ दिवसांत धुरा उभा राहिला.

माझी अर्ध्या बोटाची चूक एका हातावर होती. तुमच्यापैकी ज्यांना चोवीस बोटांचा एक हात हे माप माहीत आहे, त्यांनी हिशेब करावा. एका हाताला अर्धे बोट, तर दोनशे हातांना शंभर बोटे. म्हणजे चार हात आणि चार बोटे. पाळीजवळ काहीच कळत नव्हते. नाल्याजवळ, जिथली जमीन सगळ्यांत काळी आणि ओलसर, तिथे चैतूची एवढी जागा झिंगूकडे गेली होती.

ते पहिल्यांदा दिसले चैतूच्या बायकोला. तिचे नाव भागीरथा. पण झिंगू तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर पदर खाली घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचे नाही, अशी तिकडची रीत. म्हणून खुंटी ठोकून गुरुजी मला उचलून निघाले असता ती आपल्या बैलाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "ऐकला का रे बैला? माह्या डोयाले धुऱ्याची दोरी वाकडी दिसून राह्यली. तुले कशी दिसते?"

लोक हसले. झिंगू हसला नाही. तोही आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सांग रे बैला त्या बैलाले. ज्याले पाटी धरता येत नाई, त्यानं शाळेच्या चीजेले नाव ठेवू नाई."

"आमच्या बैलाले पाटी नाई येत," भागीरथा म्हणाली, "पण नांगराची वाकडी तास येते ओयखू."

गुरुजी मला घट्ट काखेत धरून निघून गेले. मला त्या बाईचा भयंकर राग आला. मला वाकडा म्हणणारी ती पहिली.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली तशी दोन्ही घरांत पेटली. चैतूने रोप लावताना धुऱ्यापलीकडे दोन ओळी लावल्या, झिंगूने त्या उपटून नाल्यात फेकल्या. दोघांचे अंगण एकच होते, त्यात काट्यांचे कुंपण उभे राहिले. कोंबडी इकडची तिकडे गेली तरी शिव्या. आणि झिंगूने आपल्या मुलीला बजावले, "त्या घरचं पानी नाई प्यायचं. गेलीस तं तंगडं मोडीन."

ही मुलगी सोमारी, चौथीत होती. ती दीड वर्षाची असताना तिची आई वारली. तिला वाढवले ते काकीने, याच भागीरथाने. जेवण काकीकडे, झोप काकीकडे, वेणीफणी काकीकडे. काट्यांचे कुंपण झाले आणि सगळे एका दिवसात तुटले. मला हे कोणी सांगितले नाही. मी शाळेतल्या खिळ्यावरून तिचे केस पाहत होतो. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांची आधी एक सैल वेणी झाली, मग नुसता गुंता झाला. बाप तिला हाताने विंचरायला जाई, तेव्हा म्हणे ती ओरडे. पोरे तिला म्हणत, "सोमारीच्या डोस्क्यात सुगरनीनं घरटं केलं." ती मागच्या रांगेत बसून माझ्याकडे टक लावून पाही. मला ते बरे वाटत नसे.

दसऱ्यानंतरची गोष्ट. फळा पुसायची पाळी चौथीची होती. दुपारच्या सुट्टीत सगळी पोरे घरी जेवायला गेली. सोमारी वर्गातच राहिली होती. फळ्यावर गुरुजींनी माझ्याने काढलेली उभी रेषा तशीच होती. तिने मला खाली काढले आणि त्याच बिंदूवर ठेवले. पण डावीकडे नाही. तिने मला पालथे केले आणि उजवीकडे ठेवले.

मी काटकोन असतो, तर माझी भुजा त्या रेषेला बिलगायला हवी होती. ती बिलगली नाही. बिंदूपाशी दोघी एकत्र, आणि टोकाला बगळ्याच्या चोचीसारखी फट, एका बोटाची.

तिने पुसून पुन्हा काढले. पुन्हा फट. जमिनीवर काढले. तिथेही फट. मग ती उकिडवी बसून राहिली, आणि आपले एक बोट त्या फटीत घालून काढत राहिली. काय विचार करत होती कोण जाणे. रेषा कोणत्या बाजूला झुकली आहे, हे तिला नक्कीच दिसले असणार. आणि ती बाजू कोणाची, हेही.

गुरुजी आले. ती म्हणाली, "गुरुजी, गुण्या खोटा आहे."

"काय?"

"इकडून लावला तं एक रेघ येते. उलटून लावला तं दुसरी."

"फळा खालीवर आहे."

"जमिनीवर बी तसंच येते."

गुरुजींनी मला तिच्या हातातून हिसकावून टेबलावर असे आपटले की खडूचा डबा खाली पडला. "चौथीतली पोट्टी मले भूमिती शिकवते काय? उद्या म्हनशील, धुराबी खोटा आहे."

"हाव," ती म्हणाली. अगदी हळू.

तिच्या तळहातावर मी दोनदा बसलो. आणि मित्रांनो, मला त्या दिवशी त्याचा आनंद झाला. तिने मला सर्वांसमोर नव्हे, पण माझ्यासमोर खोटे ठरवले होते, आणि ते मला जास्त लागले होते. हे सांगताना मला लाज वाटते, पण न सांगता पुढे जाता येत नाही.

शाळा सुटल्यावर गुरुजी एकटे थांबले. दार लावून घेतले. मला डावीकडे ठेवून रेषा काढली, मग पालथे करून उजवीकडे ठेवले. फट पाहिली. मग दोन्ही रेषा धोतराच्या सोग्याने पुसल्या, मला खिळ्यावर टांगले आणि गेले. कोणालाही काही बोलले नाहीत. धुरा त्यांच्या हातचा होता. मी एकटाच साक्षीदार होतो, आणि माझ्याकडून त्यांना भीती नव्हती.

पंधरा दिवस असेच गेले. धान पिवळे झाले.

मग एका सकाळी सोमारी धापा टाकत वर्गात आली. गुरुजींना न विचारता तिने मला खिळ्यावरून ओढले.

"ठेव तो! कुठी नेतेस?"

"गुरुजी, बा आन् काका दोघंबी इळे घेऊन गेले. धुऱ्यावरचं धान दोघंबी कापतो म्हन्तेत." आणि मग ती दारातून वळून म्हणाली, "तुमी येता का नाई?"

ती पळत सुटली. मी तिच्या खांद्यावर आदळत होतो. मागून गुरुजी, त्यांच्या मागून सगळी शाळा.

धुऱ्याच्या नाल्याकडच्या टोकाला झिंगू एका बाजूला आणि चैतू दुसऱ्या बाजूला उभा होता. दोघांच्या हातात विळे, धान कापायचे, पण दोघांचेही डोळे धानावर नव्हते. वीस-पंचवीस लोक जमले होते. सोडवायला कोणी पुढे होत नव्हते.

"एक पेंडी उचलून पाहा, चैत्या," झिंगू म्हणाला.

"उचलीन नाई तं काय! माह्या बापाची बांधी आहे."

"तुह्याच बापाची आहे का? माहा बाप काय दुसरा होता बे?"

"दुसराच असन. त्याच्या शब्दाले तं तू जागला नाईस."

तेवढ्यात चैतूला मी दिसलो. तो माझ्यावर थुंकला. अगदी नेम धरून. "हे लाकूड आनलं पुन्हा! चुलीत घाला ते."

सोमारीने मला फ्रॉकला पुसले आणि सरळ पाळीवर, बिब्याच्या झाडाशी गेली. लोकही गेले. भांडण पाहायला मिळणार असेल तर माणसे कुठेही जातात. दोघे भाऊही आले, कारण दुसरा गेला होता.

"सोमे, घरी चाल," झिंगू म्हणाला.

"बा, आजा काय म्हनला होता?"

"काय म्हनला होता?"

"ना इकडं झुकावा, ना तिकडं. असंच ना?" मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, दोरी धरा."

गुरुजी नाही म्हणू शकले असते. मला वाटले होते ते नाहीच म्हणतील. त्यांनी खाली वाकून दोरी धरली.

तिने आधी मला गुरुजी ठेवत तसे डाव्या बाजूला ठेवले. दोरी खाली गेली आणि थेट धुऱ्यावर पडली. "पाहा! बरोब्बर!" कोणीतरी म्हणाले. झिंगूने छाती बाहेर काढली. मलाही क्षणभर वाटले, सुटलो.

मग तिने मला पालथे केले आणि झाडाच्या उजव्या बाजूला ठेवले. तीच पाळ, तेच झाड, तोच मी. गुरुजींनी दोरी पुन्हा ताणली. ती धुऱ्यावर पडली नाही. ती झिंगूच्या उभ्या धानातून गेली, आणि नाल्याशी धुऱ्यापासून चांगली आठ हात दूर उतरली.

मग चैतू ओरडला, "हे खरी! हेच माही रेघ! पाह्यलं का सगळ्यानं?" आणि विळा उगारून तो झिंगूच्या धानात घुसला.

"पाय काढ, चैत्या!" झिंगू त्याच्यामागे धावला. त्याचा विळा खाली नव्हता. लोक मागे सरले. भागीरथा पुढे झाली, पदर डोक्यावरून पार पडला होता, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. भासऱ्याला थांब म्हणायची सवयच नव्हती तिला, आणि तिथे बैलही नव्हता.

सोमारी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्या क्षणी माझ्या दोन्ही बाजूंना एकेक विळा होता. लाकूड घाबरते की नाही, मला माहीत नाही. मी घाबरलो.

"दोन्ही खोट्या!" ती किंचाळली. "काका, तुमचीबी खोटी! दोन्ही खोट्या!"

चैतू थांबला तो केवळ बुचकळ्यात पडून. "दोन्ही कशा खोट्या होतीन? एक तं खरी पायजे."

"गुण्या काटकोन नाई आहे. कमी आहे. तिकडून लावला तं तिकडं झुकते, इकडून लावला तं इकडं झुकते. जेवढा तिकडं खोटा तेवढाच इकडं खोटा. मंग खरी कोनती?"

तिने मला खाली ठेवले. "मधली," ती म्हणाली.

ती नाल्याशी जाऊन खाली बसली आणि धुरा व दोरी यांच्यामधले अंतर हाताने मोजू लागली. मोठ्या माणसाचा हात हवा म्हणून गुरुजी तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी मोजले. आठ हात, आठ बोटे. अर्धे केले. चार हात, चार बोटे. तिथे तिने काठी रोवली. तिच्या बापाच्या धानात.

"चूप करा ह्या पोट्टीले," झिंगू म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. "गुरुजी, तुमी सांगा. धुरा तुमी घातला. तुमची चीज खोटी आहे काय?"

गुरुजी उठले. गुडघ्याला चिखल लागला होता, तो झटकत त्यांनी बराच वेळ लावला.

"खोटी आहे," ते म्हणाले. "मले पंधरा दिवसांपासून माहीत आहे. पोरीनं सांगतलं, तं मी तिच्याच हातावर मारलं."

मग जे झाले ते मी सांगत नाही. गुरुजींना लोक काय काय बोलले, ते मुलांसमोर उच्चारण्यासारखे नाही. चैतूने तर त्यांच्या टोपीलाही हात घातला. मुखरू सुतार गर्दीतून म्हणत होता, "मी म्हनलो होतो, लाकूड ओलं आहे म्हून! म्हनलो होतो का नाई?" पण त्या गोंधळात एक गोष्ट झाली. काठी कोणी उपटली नाही. चैतूनेही नाही, आणि झिंगूनेही नाही. कमी मिळाले म्हणून चैतू चिडला होता, जास्त गेले म्हणून झिंगू चिडला होता, पण बाप जे म्हणाला होता ते तिथे रोवलेले आहे, हे दोघांना दिसत होते.

झिंगूने विळा फेकला आणि मुलीकडे पाहून म्हणाला, "माह्या घरचं खाऊन माहीच जमीन देतेस? जा मंग. त्याच घरी जा. तिथंच खाय."

बापाने रागात दिलेली शिक्षा होती ती. सोमारी धुऱ्यावरून उतरली आणि काकीच्या मागे मागे गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा तिच्या केसांना तेल होते आणि पाठीवर घट्ट दोन वेण्या होत्या. एकाही पोराने सुगरणीचे नाव काढले नाही. मी खिळ्यावरून पाहिले, आणि मला पहिल्यांदाच वाटले की आपण वाकडे असलो तरी आपला काही उपयोग झाला.

नवा धुरा काठीपासून झाडापर्यंत घातला. आठ दिवसांनी संध्याकाळी झिंगू बैल घेऊन त्या धुऱ्यावर आला, आपल्या बाजूने. पलीकडे भागीरथा आणि सोमारी पेंड्या बांधत होत्या. हे मला सोमारी दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीला सांगत होती त्यावरून कळले. तो कोणाकडेही न पाहता आपल्या बैलाला म्हणाला, "काय रे बैला, तुले आता वैरन कोन टाकन? घरी तं कोनी नाई."

भागीरथाने पदर नीट केला आणि आपल्या बैलाला म्हणाली, "सांग त्या मालकाले. पोरगी जेवून येते म्हना. आन् रोज जेवून येईन म्हना."

झिंगूचा बैल काही बोलला नाही. झिंगूही बोलला नाही. पण सोमारी त्या रात्री जेवून घरी गेली, आणि पुढे रोज जेवून घरी जात राहिली. काट्यांचे कुंपण मात्र तसेच राहिले. भाऊ एकमेकांशी बोलले की नाही, मला माहीत नाही. निदान माझ्या कानावर आले नाही.

मुखरू मला दुरुस्त करायला आला होता. "दोन पाचरी मारतो, गुरुजी. सरळ करून देतो. आता लाकूड वाळलं आहे."

गुरुजींनी मला हातात घेऊन फिरवले. मग सोमारीकडे पाहिले. "राहू दे," ते म्हणाले.

तेव्हापासून त्या शाळेत कोणतीही उभी रेषा एकदाच काढत नसत. आधी डावीकडून, मग मला पालथे करून उजवीकडून, आणि मग दोन्हींच्या मधोमध. ती खरी. गुरुजींनी मला पुन्हा टेबलावर कधी आपटले नाही. तळहातावर मारण्यासाठी त्यांनी बांबूची छडी आणली. माणसे एकदम बदलत नाहीत.

आज मी त्याच शाळेच्या एका कपाटामागे पडून आहे. एका भुजेला वाळवी लागली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला कोणी फार जपले, फार मानले, तेव्हाच मी सगळ्यांत जास्त नुकसान केले. मला वाळवीने खाल्ले तरी चालेल.

पण मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत माझ्यासारखाच एक छोटा गुण्या असेल. त्याने आडव्या रेषेवर एक उभी रेषा काढा. मग त्याला उलटा आणि त्याच रेषेला दुसऱ्या बाजूने लावा. तो तिला बिलगला, तर खुशाल त्याच्यावर विश्वास ठेवा. फट दिसली, तर त्याच्यावर रागावू नका, आणि लपवूही नका. त्या फटीत बोट घाला, अर्धे करा, आणि खरी रेघ काढा. ती तुमच्या घराच्या विरुद्ध गेली, तरीही.